वांड शिष्य गुरू होतो तेव्हा

गणेशपुरीत गुरू या विषयावर बोलायला वेगळी पात्रता लागत नाही. वज्रेश्वरीहून येणाऱ्या रिक्षात आरशाच्या वर नित्यानंदबाबांचा फोटो असतो, चहाच्या टपरीवर असतो, हारवाल्याकडे असतो, आणि किराणा दुकानात 'उधारी बंद'च्या पाटीच्या बरोबर वर असतो. बाबा फारसं बोलत नसत. जे थोडंबहुत बोलत, त्याचा अर्थ लावायला माणसं लांबून येत. 1961 साली ते गेले, तरी अर्थ लावण्याचं काम अजून संपलेलं नाही. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम 1956 पासून इथलाच. पुढे स्वामी साता समुद्रापार गेले आणि तिकडची माणसं त्यांच्या मागोमाग इकडे आली. त्यामुळे तानसा नदीच्या काठानं भाताच्या खाचरांमधून कुणी उंच गोरा माणूस चालत निघाला, तर इथली गुरंसुद्धा मान वर करत नाहीत.

अशा गावात बसून परदेशी माणसाविषयी लिहायचं, तर तो कुणाचा तरी शिष्य असावा नाहीतर कुणाचा तरी गुरू. माझा माणूस दोन्ही आहे. शिष्य म्हणून अतिशय वांड, आणि पुढे त्याच वांडपणाच्या भांडवलावर गुरू. नाव अ‍ॅड्रियन मुटू, देश रोमानिया, धंदा फुटबॉल. गणेशपुरीला तो आल्याचं ऐकिवात नाही, पण बालेवाडीपर्यंत आला होता. 2015 च्या इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी पुणे सिटीकडून खेळला. वय छत्तीस. त्या वर्षीची दिवाळी हंगामाच्या ऐन मध्यात आली होती. तो लक्ष्मी रोडवर खरेदीला गेला असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. गेला असलाच तर त्याला कुणी ओळखलं नसणार. आणि एखाद्या पुणेकरानं ओळखलं असलंच, तर त्यानं तसं दाखवलं नसणार.

पुण्याच्या त्या संघाचा प्रशिक्षक होता इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. तोही एके काळचा नावाजलेला खेळाडू, आणि गंमत म्हणजे दोघेही कधी ना कधी इटलीतल्या युव्हेंटसकडून खेळलेले. बालेवाडीच्या हिरवळीवर हे दोन निवृत्तीच्या आसपासचे इटालियन आठवणीवाले एकमेकांशी काय बोलत असतील? संघ उपांत्य फेरीत काही पोचला नाही. चार वर्षांनी, 2019 मध्ये, तो क्लबच पुण्यातून उठला आणि हैदराबादला गेला. पुण्यात आता त्याची आठवण काढणारे जांभळा-केशरी टी-शर्ट तेवढे उरले असतील, तेही बहुधा गाडी पुसायला.

पण मुटू हा पुण्याला उतारवयात आलेला पाहुणा. त्याचं खरं चरित्र त्याआधीचं, आणि ते एखाद्या कीर्तनकाराच्या हाती लागलं असतं तर उत्तररंगाला सोडाच, पूर्वरंगालाच रात्र सरली असती.

जन्म 8 जानेवारी 1979 चा. पितेश्ती शहरातल्या अर्जेश क्लबकडून सुरुवात, मग बुखारेस्टचा दिनामो, 2000 मध्ये इटलीत इंटर मिलान, तिथून वेरोना, तिथून पार्मा. पार्मात 2002-03 च्या हंगामात त्यानं लीगमध्ये 18 गोल केले. लंडनच्या चेल्सी क्लबात त्याच उन्हाळ्यात रोमान अब्रामोविच नावाचे रशियन धनाढ्य मालक म्हणून आले होते आणि बाजारात जे दिसेल ते पिशवीत टाकत होते. मुटूची किंमत लागली 1 कोटी 58 लाख पौंड.

फुटबॉलमधली गुरु-शिष्य परंपरा ही अशी. इथे शिष्य गुरूच्या शोधात रानोमाळ भटकत नाही. गुरूचा मालक शिष्याला विकत घेतो आणि पुढच्या हंगामात गुरूच बदलतो. मुटूला घेतलं तेव्हा चेल्सीचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी होते. वर्षभरात तिथे जोझे मोरिन्यो आले. मोरिन्यो स्वतः खेळाडू म्हणून कुणाच्या लक्षात राहिलेले नाहीत, पण शिष्यानं कान कसा द्यावा याविषयी त्यांची मतं पक्की. दोघांचे खटके उडाले. तेवढ्यात 2004 च्या शरद ऋतूत चाचणीत मुटूच्या अंगात कोकेन सापडलं. क्लबनं त्याला काढून टाकलं, सात महिन्यांची बंदी आली.

आपल्याकडे गुरूनं आश्रमातून घालवलं तर शिष्य दुसऱ्या आश्रमात जातो. चेल्सीनं घालवलं आणि वर बिलही पाठवलं. आम्ही तुला एवढे पैसे देऊन आणलं, तू तुझ्या कर्मानं करार मोडलास, तर नुकसान भर. 2008 मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं निकाल दिला : 1 कोटी 71 लाख युरो भरा. मुटू लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला, तिथे हरला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही तेच. मग स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात. तिथला निकाल 2018 मध्ये लागला आणि तोही त्याच्या विरोधात. आमच्या भिवंडी तालुक्यात सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या घरांना यात काही नवल वाटणार नाही. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो आणि दरम्यान त्या जमिनीवर कुणीतरी गोदाम बांधून मोकळा होतो. मुटूच्या बाबतीत निकाल लागेतो तो खेळणं सोडून प्रशिक्षक झालेला होता. एवढाच फरक.

आता मला यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते ती सांगतो. या वांड पोराला एक गुरू लाभला होता. नाव चेझारे प्रांदेल्ली. पार्मात ज्या वर्षी मुटू बहरला त्या वर्षी तिथे प्रांदेल्लीच प्रशिक्षक होते. मध्ये लंडनचं रामायण घडलं, युव्हेंटसमध्ये थोडा काळ गेला, आणि 2006 मध्ये मुटू फ्लोरेन्सच्या फियोरेंतिनात आला, तर तिथे पुन्हा प्रांदेल्ली. इटलीत त्या वर्षी सामने ठरवण्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं होतं, त्याची शिक्षा म्हणून फियोरेंतिनाच्या नावावर त्या हंगामात उणे पंधरा गुण लागले. शून्य हे आपल्याला तळ वाटतं. या मंडळींना शून्यापर्यंत पोचायलाच आधी पाच विजय हवे होते. मुटू आणि लुका तोनी या दोघांनी प्रत्येकी 16 गोल केले आणि संघ उणे पंधरावरून निघून सहावा आला. पुढच्या वर्षी चौथा. फ्लोरेन्समधली ही वर्षं म्हणजे मुटूच्या आयुष्यातला शहाणपणाचा काळ. शंभर टक्के शहाणपणाचा नव्हे. तिथेही 2010 मध्ये भूक मारणाऱ्या औषधातलं बंदी असलेलं द्रव्य त्याच्या चाचणीत सापडलं आणि पुन्हा बंदी आली. पण प्रांदेल्ली होते तोवर घर उभं राहिलं. त्याच वर्षी ते इटलीच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. 2011 च्या जानेवारीत मुटू परवानगी न घेता सरावातून निघून गेला आणि क्लबनं त्याला संघाबाहेर बसवलं.

काही शिष्यांना एकच गुरू मानवतो. बाकीचे सगळे त्यांना हेडमास्तर वाटतात.

राष्ट्रीय संघातही हाच प्रकार. 2008 च्या युरो स्पर्धेत झ्युरिकला इटलीविरुद्ध मुटूनं गोल केला, मिनिटभरात इटलीनं बरोबरी केली, आणि शेवटच्या दहा मिनिटांत रोमानियाला पेनल्टी मिळाली. समोर इटलीचा गोलरक्षक बुफ्फोन. मुटूनं मारली, बुफ्फोननं अडवली. सामना 1-1. माणूस अशा गोष्टी आयुष्यभर उशाशी घेऊन झोपतो. 2011 मध्ये संघाच्या शिबिरातून तो एका सोबत्याबरोबर बारमध्ये गेला म्हणून त्याला संघातून काढलं, मग माफ केलं. 2013 मध्ये त्याचे देशासाठीचे गोल 35 झाले. गेओर्गे हाजी या रोमानियाच्या दैवताचेही बरोबर 35. आणखी एक गोल, की मुटू देशाचा सर्वकालीन पहिला.

नोव्हेंबर 2013 मध्ये रोमानिया ग्रीसकडून हरला आणि विश्वचषकाची वाट बंद झाली. मुटूनं फेसबुकवर एक चित्र टाकलं. धड मिस्टर बीनचं, तोंड राष्ट्रीय प्रशिक्षक व्हिक्टर पित्सुर्का यांचं. फुटबॉल संघटनेनं मुटूला राष्ट्रीय संघाचं दार बंद केलं. गोल 35 वर थांबले, आणि अजून तिथेच आहेत. कोकेननं जे साधलं नाही, बारनं साधलं नाही, ते एका चिकटवलेल्या चित्रानं साधलं. वर्गात फळ्यावर मास्तरांचं व्यंगचित्र काढणारा मुलगा आपल्या प्रत्येकाच्या शाळेत होता. फक्त त्याच्या नावावर तोवर 35 गोल नसत.

आणि हाच मुलगा पुढे मास्तर झाला, ही या गोष्टीतली कळ.

आमच्या इथे भीमेश्वराच्या देवळाजवळ गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधकाचा वास नाकाला बसला की माणसं गुडघे पाण्यात सोडून तास-तास बसतात. इथे फुटबॉलची चर्चा करायला फार योग्य मंडळ जमतं, कारण सगळ्यांचे गुडघे गेलेले असतात. त्यात एक निवृत्त पीटीचे सर येतात. हयातभर त्यांनी शिट्टी वाजवली. मी त्यांना मुटूची कथा सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "शिकवतो कसा?"

प्रश्न रास्त होता. स्ट्रायकरला शिकवता येतं का, हा मुळातच वादाचा मुद्दा आहे. मैदानावरच्या बाकीच्यांचं काम नव्वद मिनिटांचं असतं. स्ट्रायकरचं काम तीन सेकंदांचं असतं. उरलेला वेळ तो हात वर करतो, रेफरीकडे बघतो आणि चेंडू वेळेवर न देणाऱ्या सोबत्याकडे पाहून खांदे उडवतो. त्याची मोठी विद्या म्हणजे विसरणं. मघाशी हुकलेली संधी डोक्यात ठेवून जो पळतो त्याची पुढचीही हुकते. प्रशिक्षकाला मात्र काहीच विसरून चालत नाही. कुणाचा पाय दुखतो, कुणाचं घरी भांडण झालं, कोण उजव्या बाजूनं आत शिरतो, कोण पिवळं कार्ड घेऊन बसलाय, सगळं त्याच्या डोक्यात हवं. शिवाय स्ट्रायकरनं जन्मभर एकाच माणसाच्या गोलाची काळजी केलेली असते.

तरी काही स्ट्रायकर चांगले गुरू झालेत. जर्मनीचे युप हाइन्केस हे आघाडीचे गोलमास्टर; त्यांनी प्रशिक्षक म्हणून 1998 मध्ये रेआल माद्रिदला आणि 2013 मध्ये बायर्न म्युनिकला युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं. आपल्या देशात पी. के. बॅनर्जी. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्ध बरोबरीत सुटलेल्या सामन्यातला भारताचा गोल त्यांचाच. 1962 च्या जकार्ता एशियाडमधल्या सुवर्णपदकातही त्यांचा वाटा. खेळाडू म्हणून ते कलकत्त्याच्या पूर्व रेल्वेत राहिले, पण प्रशिक्षक म्हणून आधी ईस्ट बंगाल आणि मग मोहन बागान, असे दोन्ही हाडवैरी त्यांनी सांभाळले. त्यांचं शस्त्र म्हणजे तोंड. सामन्याआधी खोलीत ते असं काही बोलत की पोरं पेटून बाहेर पडत. बंगालनं त्याला 'व्होकल टॉनिक' असं नाव दिलं होतं. गणेशपुरीच्या हिशेबानं हा उलटा पंथ. इथे न बोलणाऱ्याला जास्त मान.

न बोलणाऱ्यांचं उदाहरणही फार लांब शोधायला नको. आपले क्रिकेटचे आचरेकर सर. प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळलेला माणूस, आणि शिवाजी पार्कवर पिढ्या घडवल्या. 'वेल प्लेड' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत, असं तेंडुलकरनं निवृत्तीच्या भाषणात सगळ्या जगासमोर सांगितलं. फुटबॉलमध्ये मुंबईचा खालिद जमील. हा काही स्ट्रायकर नव्हे, मधल्या फळीचा. महिंद्रा युनायटेडकडून खेळला, दुखापतींनी कारकीर्द आखूड केली. मग मुंबई एफसीचा प्रशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं एकच काम केलं, संघ खालच्या लीगमध्ये घसरू द्यायचा नाही. हे काम कुणाला दिसत नाही. बुडालं नाही त्या जहाजाची बातमी होत नाही. तिथून बाहेर पडावं लागलं तेव्हा तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला, आशुतोष मेहता, जयेश राणे ही मुंबईची पोरं संगती घेतली, आणि 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला शेवटचा सामना बरोबरीत सोडवून आय-लीग जिंकली. पत्रकारांनी माइक पुढे केला की खालिद असा चेहरा करतो, जणू कुणी त्याच्याकडे उसने पैसे मागितलेत. ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

हे दोघे गुरू होण्यासाठी जन्मले असं वाटतं. मुटूविषयी तसं कुणी म्हणणार नाही. म्हणूनच मला तो जास्त खुणावतो. चांगल्या मुलाचा चांगला मास्तर झाला तर त्यात काय विशेष? पण ज्यानं खिडकीतून उडी मारून पळायच्या सगळ्या वाटा स्वतः शोधल्या, त्याच्या हाती वर्गाची किल्ली दिली तर? शिबिराच्या रात्री कोणत्या खोलीतला दिवा उगाच लवकर विझला, हे त्याला न बघता कळणार. पोलीस खात्यात जुना चोर खबऱ्या म्हणून फार चालतो, असं आमचे पीटीचे सर म्हणाले. मी म्हटलं, खबऱ्या निराळा, फौजदार निराळा.

फौजदारकी त्यानं 2018 मध्ये बुखारेस्टजवळच्या व्होलुंतारी क्लबात सुरू केली. पुढे रॅपिड बुखारेस्ट, अझरबैजानमधला बाकूचा नेफ्ची, मग क्लुज. एका गावात फार काळ बूड टेकलेलं नाही. हा दोष त्याचा एकट्याचा म्हणता येणार नाही. रोमानियात प्रशिक्षक बदलणं हा हवापालटाचा प्रकार दिसतो. आणि गुरुपदाची गादी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते फुटबॉलला लागू नाही. आमच्याकडे गुरू समाधिस्थ झाले तरी गादी त्यांचीच राहते. फुटबॉलचा गुरू सलग चार सामने हरला की सोमवारी सकाळी त्याचं नाव दारावरून खरवडलेलं असतं.

नवसाचा भाग मात्र दोन्हीकडे सारखा. शेजारची वज्रेश्वरी आठवा. पोर्तुगीजांना हरवू दे म्हणून देवाला साकडं घालणारे लोक युरोपात दर चार वर्षांनी भेटतात. आमच्या भागात हा मान चिमाजी अप्पांचा. वसईचा किल्ला पडला तर देऊळ बांधीन, असा नवस ते बोलले, 1739 मध्ये वसई पडली, आणि पुढे देऊळ उभं राहिलं तेही किल्ल्यासारखं. क्लबच्या मालकांनी ही रीत जरूर अभ्यासावी. आधी निकाल, मग बांधकाम. पुण्यात आणि इतरत्र बऱ्याचदा उलटं झालं.

मुटूच्या गुरुपणातली एकच गोष्ट मी सरांना सविस्तर सांगितली. जानेवारी 2020 मध्ये त्याला रोमानियाच्या 21 वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमलं. ज्या संघटनेनं मिस्टर बीनपायी दार लावून घेतलं होतं, तिनंच हे दार उघडलं. मार्च 2021 मध्ये युरोपीय स्पर्धेच्या गटात त्याची पोरं उतरली. समोर नेदरलँड्स, जर्मनी आणि यजमान हंगेरी. नेदरलँड्सशी 1-1. हंगेरीवर 2-1 असा विजय. जर्मनीशी 0-0. एकही सामना न हरता पाच गुण. पण पाच गुण नेदरलँड्सचेही झाले आणि जर्मनीचेही. आपापसातले तिन्ही सामने बरोबरीत, म्हणून मग गोल मोजायला घेतले. नेदरलँड्सनं हंगेरीला सहा मारले होते, जर्मनीनं तीन. रोमानियानं दोन मारून एक खाल्ला होता. रोमानिया घरी गेला. जर्मनीनं पुढे ती स्पर्धाच जिंकली.

म्हणजे बघा, देशासाठी 35 गोल करणारा माणूस बाकावर बसलेला, आणि त्याचा संघ न हरता बाहेर पडतो, कशापायी, तर दोन-तीन गोल कमी पडले. तो रेषेपाशी उभा राहून हातवारे करत असणार. इथे शीर, तिथे मार. पाय त्याचेच पण दुसऱ्यांच्या अंगाला लावलेले. मला वाटलं सर यावर काहीतरी गंभीर बोलतील. चाळीस वर्षं पोरांना पळवलेला माणूस.

सरांनी पाण्यातला उजवा गुडघा जरा हलवून पाहिला.

"मग स्वतःच उतरायचं होतं."

"अहो सर, एकवीस वर्षांखालची स्पर्धा. हा बेचाळीसचा."

"बेचाळीस?" सरांनी मनातल्या मनात काही हिशेब केला. "जरा जास्त आहे. पण शाळांच्या स्पर्धांना मी पाहिलंय ना. जन्माचा दाखला असला की झालं, मिशा कुणी मोजत नाही."